जांभळ्या उजेडातली द्राक्षं

रामदासकाकांना कशाची भीती वाटत नाही, याची यादी करायला घेतली तर ती पोस्टकार्डावर मावेल. साप, पोलीस, नगर रोडवरचे डंपर आणि कॉलेजचे प्राचार्य. संपली यादी. बाकी जमिनीतून जे जे म्हणून उगवतं आणि माणसाच्या तोंडात जातं, त्या सगळ्याची त्यांना धास्ती. कोथिंबिरीची जुडी हातात आली की हा माणूस आधी तिचा वास घेतो, आणि भाजीवाल्याला उगाच वाटतं, गिऱ्हाईक खूश झालं.

रामदास खोब्रागडे वाघोलीतल्या एका सायन्स कॉलेजात नोकरीला आहेत. नेमणुकीच्या कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’ असं भारदस्त लिहिलंय. काम एकच, काचेची भांडी धुणं. सव्वीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या, चंबू आणि बीकर धुतले. त्यांनी धुतलेल्या काचेवर पाण्याचा थेंब अडकून राहत नाही, सरळ पसरून निघून जातो, आणि काच खरी स्वच्छ झाल्याची खूण हीच. नवे प्राध्यापक येतात, दोन महिने तोरा मिरवतात, मग हळूच म्हणतात, "काका, माझी भांडी तेवढी तुम्हीच धुवा." पुण्यात इतकी वर्षं काढूनही काकांना टोमणा मारता येत नाही, ही एक उणीव सोडली तर माणूस लाखात एक.

या धास्तीचं मूळ यवतमाळकडचं. तिथे त्यांचा थोरला भाऊ बाबुराव दुसऱ्यांच्या कपाशीवर रोजाने औषध फवारायचा. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात काही नाही. एका दुपारी बांधावर बसून त्याने तशाच हातांनी भाकर खाल्ली. भाकर घेऊन गेलेला रामदास समोरच उभा होता. हात धू म्हणावं असं त्याच्या मनात आलंही, पण धाकट्याने थोरल्याला काय शिकवायचं, म्हणून तो गप्प राहिला. संध्याकाळी बाबुरावाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला फेस आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. त्यानंतर दोन वर्षांनी रामदास पुण्याला आला आणि त्याला धुण्याचं काम मिळालं. ते त्याने घट्ट धरून ठेवलं, यात नवल नाही.

घरातही तोच कारभार. भाजी आली की आधी टोपात. टोपात पाणी, मूठभर मीठ आणि चमचाभर हळद. तासभर भिजवायची, मग चोळून धुवायची, मगच तिला विळीचं दर्शन. काकांच्या बायकोने, शालनबाईंनी, पहिली दहा वर्षं भांडण केलं आणि मग नाद सोडला. "भाजी शिजवायले दहा मिनिटं लागते अन् धुवायले दीड तास," एवढं त्या पाहुण्यांना न चुकता सांगायच्या. द्राक्षांना तर या घरात पाऊल ठेवायची परवानगीच नव्हती. द्राक्षाची साल काढता येत नाही, हा काकांचा मुद्दा, आणि तो खोडून काढायला कुणाला जमलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी उत्कर्षा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जावई रोहन तिथलाच. दोन वर्षांपूर्वी तिचं एक मूल पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. असं होतं कधीकधी, कारण सापडतंच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. काकांना मात्र कारण सापडलेलं होतं. हिंजवडीच्या त्या कॅन्टीनमध्ये पालक कोण धुवत असेल? हे ते मोठ्याने कधी बोलले नाहीत, पण उत्कर्षा बापाचीच लेक. तिने ते ऐकल्यासारखंच होतं.

यंदा सातवा महिना लागला आणि ती माहेरी आली, लॅपटॉप घेऊन. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढा रिवाज कंपनीलाही मान्य करावा लागला. पण ही पोरगी खायलाच घाबरायची. सफरचंद खाऊ का? टोमॅटो खाऊ का? काकडी सोलून खाऊ का? मोबाइलवर एक वाचायची, दुसरं वाचायची, आणि ताट पुढे सरकवायची. वजन वाढेना. डॉक्टरीणबाई रागावल्या. आणि डोहाळे लागावेत तरी कशाचे? द्राक्षांचे! झोपेतसुद्धा द्राक्षं दिसतात म्हणाली. सव्वीस वर्षं ज्या फळाला दार बंद, तेच नेमकं दारात येऊन उभं राहिलं.

त्याच सुमाराला प्रयोगशाळेत कल्याणी मॅडमच्या पट्ट्या तयार होत होत्या. कल्याणी मॅडम म्हणजे बिबवेवाडीची सत्तावीस वर्षांची मुलगी, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, बोलणं तिखट आणि डोळ्यांखाली काळं. बोटाएवढ्या कागदी पट्ट्यांवर ती कसलेसे अतिसूक्ष्म कण चढवायची. केसाची जाडी घ्या आणि तिचे हजारो तुकडे करा, तेवढा एकेक कण. साध्या उजेडात पट्टी पांढरीफटक. जांभळ्या दिव्याखाली धरली की हिरवीगार उजळायची. आणि पट्टीला फवारणीचं औषध लागलं की ती हिरवी चमक विझायची आणि तिच्या खाली दडलेला लाल वर यायचा.

काकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांच्या हातातला बीकर हातातच राहिला. आयुष्यभर ज्याला ते घाबरले, त्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. आणि आज ते लाल होऊन समोर बसलं होतं.

"मॅडम, हे भाजीवरपण दिसतं?"

"त्यासाठीच तर चाललंय काका. पण अजून कशात काही नाही. निम्म्या पट्ट्या वाकड्या कापल्या जातायत, त्या कचऱ्यात."

कचरा टाकायचं काम काकांचं. सव्वीस वर्षांत त्यांनी प्रयोगशाळेतून साधा बुचाचा तुकडा घरी नेला नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी वाकड्या पट्ट्यांची पुडी शर्टाच्या आत घातली आणि घरी जाईपर्यंत त्यांना घाम फुटला. वाटेत बाजारातून नोटा तपासायची जांभळी बॅटरी घेतली. कोपऱ्यावर पोपटराव हातगाडी लावतात, त्यांच्याकडून अर्धा किलो द्राक्षं घेतली. शालनबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "काय करून राहिले तुम्ही? द्राक्षं? आपल्या घरात?"

द्राक्षं टोपात गेली. मीठ, हळद, एक तास. न धुतलेल्या वस्तूला हात लावणं त्यांना शक्यच नव्हतं, आणि पोरगी खाणार ती धुतलेलीच, तर तपासायचीही धुतलेलीच. हिशेब सरळ होता. मग त्यांनी मण्यांवरून ओला कापूस फिरवला, वाटीतल्या पाण्यात पिळला, त्यात पट्टी बुडवली. कल्याणी मॅडम करायच्या तसं पाच मिनिटं थांबले. न्हाणीघरात जाऊन दार लावलं, दिवा घालवला आणि बॅटरी पेटवली.

पट्टी हिरवी होती. जराशी पिवळसर, पण हिरवी. बॅटरी स्वस्तातली, एवढा फरक चालायचाच. काका अंधारात उभ्या उभ्या रडले.

उत्कर्षाने पहिलं द्राक्ष हातात घेतलं ते किती तरी वेळ नुसतं फिरवत राहिली. मग तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि एका बैठकीत घोस संपवला. त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. आधी पट्टी, मग पोट. द्राक्षं, टोमॅटो, काकडी, पेरू, जे आणावं ते हिरवं. एकही पट्टी लाल आली नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण भ्यायलेल्या माणसाला चांगली बातमी मिळाली की तो तिची उलटतपासणी घेत नाही. सहा आठवड्यांत उत्कर्षाचं वजन साडेतीन किलोने वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कसं! आणि शालनबाईंनी पाहुण्यांना सांगायचं वाक्य बदललं: "आमच्या घरी अन्नाचीपण परीक्षा होते."

मग एका गुरुवारी कल्याणी मॅडम म्हणाल्या, "काका, बाजारातली चार-पाच सॅम्पल हवीत. येताना जे मिळेल ते आणा. आणि हात जोडते, धुऊ नका."

शुक्रवारी सकाळी काकांनी पोपटरावांकडून किलोभर द्राक्षं घेतली. अर्धी घरी ठेवली, भिजवली, तपासली, हिरवी. उरलेली अर्धी कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेली. दुपारी ते सिंकपाशी नळ्या धूत होते. मागून मॅडमचा आवाज आला, "बघा, ही बघा! द्राक्षं. काय लाल आलीय!"

काका वळले. पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली पट्टी निखाऱ्यासारखी लाल होती.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"पट्टी बिघडली असंन मॅडम. ही द्राक्षं हिरवी हायेत." सव्वीस वर्षांचं पुणेरी मराठी त्यांच्या तोंडातून गळून पडलं. "सकाळी मी सोता पाह्यलं. ह्याच गाडीवरची. ह्याच घोसातली."

कल्याणी मॅडमनी हातमोजे काढले. "कशाने पाहिलंत?"

मग काकांनी सगळं सांगितलं. पुडी, बॅटरी, न्हाणीघर. चोरीबद्दल ती काय बोलेल, नोकरीचं काय होईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तिनेही ते विचारलं नाही. तिने फक्त विचारलं, "अगदी पहिल्यापासून सांगा. द्राक्षं घरी आली. मग?"

"मग टोपात. पाणी, मीठ, हळद. एक तास."

"हळद," ती म्हणाली.

ती उठली, खालच्या कॅन्टीनमधून चिमूटभर हळद घेऊन आली. साधा कोरा गाळणकागद घेतला. त्यावर तिचे कण नव्हते, काही नव्हतं. हळदीच्या पाण्यात तो बुडवला आणि दिव्याखाली धरला. कोरा कागद हिरवट पिवळा उजळला.

"काका, ही हिरवी चमक माझ्या पट्टीची नाही. हळदीची आहे. हळद या दिव्यात आपली आपण चमकते. तुम्ही कारलं तपासलं असतं, दगड तपासला असता, तरी पट्टी हिरवीच दिसली असती."

पाण्याचा नळ चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"पण मी धुतलं होतं," ते म्हणाले. "एक तास. धुतल्यावर निघून गेलं असंन."

"बघू या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा तिखट राहिला नव्हता. त्यांनी थोडे मणी नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवले. तो तास काकांनी उभ्याने काढला. शिपाई चहा घेऊन आला, चहा गार झाला. तास झाल्यावर मॅडमनी मणी काढले, कापूस फिरवला, पट्टी बुडवली. ती पाच मिनिटं काकांना बघवेना, म्हणून ते भिंतीवरचं वेळापत्रक वाचत राहिले. सोमवार, पहिला तास. सोमवार, दुसरा तास.

"फिकट झालीय," मॅडम म्हणाल्या. "पण लाल आहे."

"म्हणजे थोडं हाय?"

"पट्टी किती ते सांगत नाही, काका. आहे एवढंच सांगते. कदाचित अगदी किरकोळ असेल, चालतं त्या मर्यादेतलं. मोठ्या मशीनवर लावल्याशिवाय मला बोलता येणार नाही, आणि मशीनचा नंबर पुढच्या महिन्यात आहे." मग तिने विचारलं, "कोण खातंय घरी?"

काकांनी सांगितलं. कितवा महिना ते सांगितलं, आधीचं गेलं तेही सांगितलं. कल्याणी मॅडमनी उरलेले मणी कागदात गुंडाळले आणि मशीनसाठी बाजूला ठेवले.

कॉलेजपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट. काकांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उत्कर्षा आपणहून काही खात नव्हती. तिच्या भीतीने तिला इतके दिवस सांभाळलं होतं. ती भीती त्यांनी काढून घेतली, आणि तिच्या जागी ताटलीत द्राक्षं ठेवली. रोज, सहा आठवडे, स्वतःच्या हातांनी. डॉक्टरीणबाईंची सोनोग्राफी ठीक आली होती खरी. पण त्या मशीनला हात दिसतात, पाय दिसतात, हृदयाचे ठोके दिसतात. त्या इवल्याशा डोक्यात काय चाललंय ते दिसतं का? जन्मल्यावर दिसतं? पाचव्या वर्षी?

कोपऱ्यावर पोपटराव गाडीवर पाणी शिंपडत होते. काकांना वाटलं, याची गचांडी धरावी. ते गाडीपाशी गेले आणि त्यांच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "पोपटराव, या द्राक्षांवर शेवटचं औषध कधी मारलं होतं?"

"आता मला काय ठावं? पाव्हण्यांची बाग हाय. इचारून सांगतो." पोपटरावांनी घोसातला एक मणी तोडला, सदऱ्याला पुसला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "मारत्यातच की. न्हाय मारलं तर भुरी येती, घड पांढरा पडतोय. का वो? आंबट निघाली का?"

काका त्याच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिले. या माणसावर रागवायचीही सोय नव्हती. "नाही," ते म्हणाले, "गोड हायेत," आणि पुढे निघाले.

उरलेल्या वाटेत त्यांनी ठरवून टाकलं. सांगायचं नाही. द्राक्षं संपली म्हणायचं, हंगाम गेला म्हणायचं. पट्ट्या कॉलेजने परत घेतल्या म्हणायचं. जे पोटात गेलं ते काही बाहेर काढता येत नाही, मग पोरीला कशाला जाळायचं? राहिले सात आठवडे. सात आठवडे आपण एकट्याने घाबरू. घाबरायची आपल्याला सवय आहे. हे ठरल्यावर त्यांना जरा श्वास घेता आला.

दार शालनबाईंनी उघडलं. आतून उत्कर्षाचा आवाज आला, "बाबा, आज टेस्ट मी केली! सकाळची संपली, आणि तुमची वाट बघून बघून कंटाळा आला. दुपारी आई खाली गेली, आणली, भिजवली, सगळं तुमच्यासारखं केलं. एकदम हिरवी!"

ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर ताटली, ताटलीत रिकामे देठ, आणि गालात एक द्राक्ष. गाल किती भरले होते तिचे! काका ते बघत होते, आणि रस्त्यात केलेला सगळा निश्चय कुठल्या कुठे गेला.

"थुंक," ते म्हणाले.

"काय?"

"थुंक ते. आधी थुंक!"

तिने घाबरून तळहातावर द्राक्ष काढलं. शालनबाई ओरडल्या, "असं काऊन करून राहिले? पोरगी भ्याली नं!" काका तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. हळदीचं सांगितलं, कोऱ्या कागदाचं सांगितलं, लाल पट्टीचं सांगितलं. थोडंच असू शकेल, चालण्यासारखं असू शकेल, हेही दोनदा सांगितलं, पण ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. "सहा आठवडे मी तुला उगाच हिरवं हिरवं म्हणत राहिलो," ते म्हणाले. "मला माफ कर, पोरी."

उत्कर्षाचा चेहरा पांढरा पडला होता. ती काकांकडे बघत नव्हती. तिने ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

"आज हललं का?" शालनबाईंनी विचारलं.

"सकाळी."

"अन् नंतर?"

"मीटिंग होती. लक्ष नव्हतं माझं."

तिघंही त्या पोटाकडे बघत बसले. शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला, रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबली आणि गेली. शालनबाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. उत्कर्षा ओठ दाताखाली धरून, मान वाकवून, आत कान लावून बसल्यासारखी बसली होती.

"हललं," ती म्हणाली.

शालनबाईंना हुंदका आवरला नाही. काकांनी डोळे पुसले. उत्कर्षाने मात्र हात काढले नाहीत. बराच वेळ गेल्यावर तिने मान वर केली. ती रागावलेली नव्हती. सातवीत असताना गणित अडलं की ती ज्या डोळ्यांनी बापाकडे बघायची, तशी बघत होती.

"मग आता काय खाऊ, बाबा?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. वरणभात म्हणावं, तर तांदळाचं शेत डोळ्यांपुढे आलं. दूध म्हणावं, तर म्हशीपुढचा चारा दिसला. पोळी, केळं, गूळ, शेंगदाणे, एकेक नाव जिभेवर आलं आणि परत गेलं. शालनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, काय टाकू म्हणून. डॉक्टरीणबाईंनी पोरीला दर दोन तासांनी खायला सांगितलं होतं. साडेसात वाजले होते आणि तिला भूक लागली होती.